सागवान : इतिहासाचे एक उपेक्षित साधन
(नेमावर परिसराच्या अनुषंगाने)

नर्मदेच्या उत्तर तीरावरील नेमावर हे गाव भाविकांस सिद्धनाथाच्या देवालयामुळे आणि परिक्रमावासीयांस नर्मदेचे नाभिस्थान म्हणून परिचित आहे. समोरच्या तीरावर हंडिया, आणि उत्तरेस विंध्याच्या रांगांपर्यंत सागाचे रान. येथील परमारकालीन शिल्पाकडे अभ्यासकांचे लक्ष गेले, ते योग्यच झाले. सागाच्या वाट्याला मात्र तसे लक्ष आले नाही. दगड जागच्या जागी उभा राहतो म्हणून त्याचा इतिहास लिहिला जातो. लाकूड जळते, विकले जाते, एका घरातून दुसऱ्या घरात जाते, म्हणून त्याचा इतिहास लिहावयाचा राहतो. ही उणीव केवळ नेमावरची नव्हे, एकंदर आपल्या इतिहासलेखनाची आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम या लाकडाचा स्वभाव पाहू. संस्कृतातील ‘शाक’ तोच आपला ‘साग’. वनस्पतिशास्त्रातील ‘टेक्टोना’ हे नाव दक्षिणेकडील ‘तेक्कु’ या शब्दावरून घडले. सागाच्या बाहेरील पांढुरक्या लाकडात टिकाऊपणा नाही. त्याचे सारे मोल आतील सोनेरी-तपकिरी गाभ्यात आहे. या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात, त्यामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही आणि पाण्याने तो लवकर कुजत नाही. ऋतुमानाप्रमाणे तो फारसा फुगत वा आकसत नाही. म्हणून चौकट वाकडी होत नाही आणि जहाजाच्या फळ्यांचे सांधे उघडे पडत नाहीत. त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही लवकर गंजत नाही. वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला साधारण 650 किलो, म्हणजे पाण्याच्या सुमारे दोन-तृतीयांश भरते. तथापि ओला ओंडका पाण्यावर तरंगत नाही. म्हणून ब्रह्मदेशात उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती खाच पाडून ते दोन-तीन वर्षे वाळू देत आणि मगच ओंडके नदीत सोडीत. मध्य भारताच्या कोरड्या हवेत साग सावकाश वाढतो. त्याची वर्तुळे जवळजवळ येतात आणि रंग व रेषा अधिक खुलतात.

असे गुण असलेले लाकूड राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणी याचा विचार आला आहे. सागासारखी लाकडे परवानगीने तोडून आणावीत, उणे पडल्यास परमुलुखातून विकत घ्यावीत. परंतु आंबा-फणस ही रयतेने लेकराप्रमाणे वाढविलेली झाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, असा त्याचा आशय आहे. अरण्यातील साग राज्याचा आणि परसातील आंबा रयतेचा, हा भेद करणारे हे धोरण आजही विचार करण्याजोगे आहे.

सागाचे सामर्थ्य समुद्रावर दिसले, तसेच वाड्यांतही दिसले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या सागवानी जहाजावर 1842 साली नानकिंगचा तह झाला. 1817 सालचे ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात तरंगते आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यास (1730–32) जुन्नरच्या रानातील साग लागला. 1828 च्या आगीत तो सारा भस्म झाला, आणि आज आपण पाहतो तो तट व दरवाजे. इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी. 1801 साली सर्जेराव घाटग्याने तो जाळला. पुन्हा उभारल्यावर 1984 च्या दंगलीत त्याला पुन्हा आग लागली. वाळवीस व पाण्यास पुरून उरणारा साग मनुष्याने लावलेल्या आगीपुढे हरला.

आता पुन्हा नेमावरकडे वळू. अल्बेरूनीने अकराव्या शतकात धारहून दक्षिणेस जाणाऱ्या मार्गाचे वर्णन करताना नर्मदाकाठच्या नमावरचा उल्लेख केला आहे. मोगल अमदानीत बुऱ्हाणपुराहून आग्र्यास जाणारी वाट हंडियाच्या उतारावरून जात असे, आणि हंडिया हे माळवा सुभ्यातील एक सरकार होते. दक्षिणेतील फौजा माळव्यात शिरू लागल्या तेव्हा नर्मदेच्या अशा उतारांचे महत्त्व आणखी वाढले. उतार आणि त्यामागे निबिड रान, अशी ही रचना आश्रय घेणाऱ्यासही सोयीची होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चितू पेंढाऱ्याचे ठाणे याच नेमावर-सतवास भागात होते. पेंढाऱ्यांचा मोड झाल्यावर तो रानोमाळ भटकला आणि 1819 साली वाघाच्या भक्ष्यस्थानी पडला. ज्या अरण्याने त्याला लपविले, त्यानेच त्याचा शेवट केला.

पुढे अरण्याचा अर्थच बदलला. 1870 साली मुंबई–जबलपूर लोहमार्ग हरद्यावरून पुरा झाला. रुळांखालच्या स्लीपरांसाठी टिकाऊ लाकूड हवे होते, आणि नर्मदेच्या खोऱ्यातील सागास अपूर्व मागणी आली. 1865 साली वनांचा पहिला कायदा झाला. त्याच वर्षी सातपुड्यातील बोरीचे सागवन राखीव झाले. नेमावर त्या काळी होळकर संस्थानाचा एक जिल्हा होता. रान राखले जाऊ लागले हे खरे. पण ज्यांचे सरपण, मोह आणि चराई त्याच रानावर अवलंबून होती, त्यांना आपल्याच रानात परवानगी मागण्याची पाळी आली.

या परिसरातील खिवनीचे अभयारण्य 1955 सालापासून राखलेले आहे. खाली पुनाशाजवळ मात्र इंदिरा सागर धरणाने चाळीस हजार हेक्टरांहून अधिक वनभूमी पाण्याखाली घेतली, आणि 2004 साली हरसूद हे गाव उठले. तेथील घरांबरोबर त्यांच्या तुळया, चौकटी, कडीपाट हेही उखडले गेले आणि कोठकोठे पांगले.

ही हानी भावनेचीच आहे असे कोणी समजू नये. सागाच्या खोडात दर वर्षी एक वर्तुळ पडते. पाऊस चांगला झाला तर रुंद, अवर्षण पडले तर अरुंद. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या वर्तुळांवरून गतकाळच्या पर्जन्यमानाचा अभ्यास केला आहे. मोडी दफ्तरात दुष्काळाची नोंद असेल, तर जुन्या तुळईतही ती असू शकेल. दोन्ही ताडून पाहता येतील. परंतु जुना वाडा पाडताना कागद निदान रद्दीत तरी सापडतात; तुळया रंधून नवे फर्निचर होते आणि तो दस्तऐवज कायमचा नाहीसा होतो.

यासाठी अध्यापक बंधुभगिनींस आमची विनंती आहे. आपल्या गावी जुना वाडा उतरविला जात असेल, तर विद्यार्थ्यांसह तेथे जावे. तुळयांची लांबी-जाडी मोजावी, सुताराच्या खुणा टिपाव्यात, लाकूड कोणत्या रानातून आले याविषयी घरात काय सांगतात ते लिहून घ्यावे, आणि शक्य झाल्यास तुळईचा एक आडवा छेद जपून ठेवावा. शिलालेख वाचावयास आपण शिकलो. आता काष्ठलेख वाचावयास शिकले पाहिजे.