घरबसल्या इंग्रजी वाङ्मय

इंग्रजी वाङ्मयाचा पदवी-अभ्यास आज इंटरनेटवरून घरीं बसून करतां येतो. ही सोय नवी वाटली तरी तिचें मूळ जुनें आहे. १८५८ सालीं लंडन विद्यापीठानें वैद्यकाखेरीज इतर परीक्षा, विद्यार्थी कोठें शिकला हें न विचारतां, सर्वांस खुल्या केल्या. १८७८ सालीं स्त्रियांसहि पदव्यांचा मार्ग खुला झाला. परंतु दूरच्या विद्यार्थ्यास शिकविण्याचा भार विद्यापीठानें उचलला नाहीं. ती उणीव १९६९ सालीं सनद मिळालेल्या ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठानें भरून काढली. १९७१ पासून तेथें प्रवेशपरीक्षेची अट न घालतां टपालानें पाठ, नभोवाणी व दूरचित्रवाणीवरून व्याख्यानें आणि निबंध तपासणारा शिक्षक अशी तिहेरी व्यवस्था झाली.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें जाऊं शकलों नाहीं. म्हणून या उघड्या दाराचें मोल मी जाणतों. तथापि वर्गांत एक गोष्ट शिकलों. कादंबरी एकांतांत उलगडते. नाटकास मात्र दुसरा आवाज लागतो, आणि कवितेस ऐकणारा कान. पाठ यंत्र घरीं आणील. पण आपल्या निबंधाच्या समासांत ‘असें कां वाटतें?’ म्हणून लाल शाईनें विचारणारा माणूस पलीकडे असलाच पाहिजे. तो नसेल, तर १८५८ सालचा एकटेपणाच नव्या वेषांत परत आला असें होईल.