घाटवाटेपासून मार्सेलिसपर्यंत

पुणें जिल्ह्यांत, कामशेत स्थानकाच्या दक्षिणेस, डोंगरांत बेडशाचीं लेणीं आहेत. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं तेथील चैत्यगृहाच्या ओसरींत नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा लेख कोरला गेला. कोंकणांतील बंदरांकडे उतरणाऱ्या मावळच्या घाटवाटांवर माणसें किती दूरवरून येत, याची ती साक्ष होय. १८६३ मध्यें बोरघाटांतून लोहमार्ग झाला, १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला, आणि मावळांतून बंदराकडे जाणारी वाट जणूं युरोपापर्यंत वाढली.

मुंबईहून सुटलेली टपालाची आगबोट एडन व सुवेझवरून भूमध्य समुद्रांत शिरे आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेलिस बंदरास लागे. विलायतेस जाणारे पुष्कळ उतारू तेथेंच उतरून आगगाडी धरीत. जिब्राल्टरचा मोठा वळसा त्यामुळें चुके. हें शहर ग्रीक दर्यावर्दींनीं इसवी सनापूर्वीं ६०० च्या सुमारास वसविलें. १७९२ मध्यें येथील स्वयंसेवक जें गीत गात पॅरिसला गेले, तें फ्रान्सचें राष्ट्रगीत झालें. १८३१ मध्यें निर्वासित मॅझिनीनें आपली ‘तरुण इटली’ ही संस्था येथेंच स्थापिली.

१९०६ च्या जून महिन्यांत विनायक दामोदर सावरकर शिष्यवृत्ति घेऊन याच मार्गानें लंडनला गेले. मॅझिनीच्या लेखांचें त्यांनीं केलेलें मराठी भाषांतर पुढील वर्षीं प्रसिद्ध झालें. चार वर्षांनीं ते पुन्हा मार्सेलिसला आले, परंतु बंदिवान म्हणून. १९१० च्या ८ जुलैस सकाळीं ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षांतून त्यांनीं समुद्रांत उडी घेतली आणि पोहत धक्का गांठला. फ्रेंच शिपायानें त्यांना धरलें आणि बोटीवर परत पोंचविलें. दुसऱ्या दिवशीं बोट निघून गेली.

हा सर्व प्रकार कांहीं मिनिटांचा. परंतु त्यांतून उद्भवलेला प्रश्न दोन राष्ट्रांना पुरला. फ्रेंच भूमीवर पाय ठेवलेल्या माणसास फ्रेंच कायद्याचा आश्रय मिळावयास नको काय? फ्रान्सनें कैदी परत मागितला, आणि वाद हेग येथील लवादापुढें गेला. मुंबईंतील न्यायासन मात्र थांबलें नाहीं. ३० जानेवारी १९११ पर्यंत सावरकरांना दोन जन्मठेपी झाल्या होत्या. २४ फेब्रुवारीस लवादाचा निर्णय लागला: कैदी स्वाधीन करण्यांत अनियमितता घडली, परंतु तेवढ्यावरून त्यास परत करण्याचें बंधन इंग्लंडवर येत नाहीं.

चूक मान्य झाली, पण तिचें परिमार्जन झालें नाहीं. दाव्यांत वादी फ्रान्स होता, प्रतिवादी इंग्लंड. ज्याच्या आयुष्याचा निकाल लागावयाचा, तो मनुष्य कोणताच पक्ष नव्हता. आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक आजहि हा खटला वाचतात, तो याच उणिवेसाठीं.