ॲक्रिलामाइडजन्य तंत्रिका-विषबाधा व मात्राक्रम

ॲक्रिलामाइड हे पांढरे, स्फटिकी, पाण्यात सहज विरघळणारे संयुग आहे. जलशुद्धीकरण, कागदनिर्मिती इत्यादींत वापरले जाणारे त्याचे बहुवारिक जवळजवळ निरुपद्रवी असते. एकवारिक मात्र तंत्रिका तंत्रास घातक ठरते. १९५० नंतरच्या दशकात त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले आणि ते हाताळणाऱ्या कामगारांत हातापायांना बधिरता येणे, तळहातांची कातडी सोलणे, चालताना तोल जाणे ही लक्षणे आढळू लागली. विषबाधेचा असा एखादा दिवस दाखविता येत नसे. त्यामुळे रोज थोडे घेतलेले विष आणि एकदाच घेतलेले विष यांचा हिशेब कसा मांडावा, हा प्रश्न व्यावहारिक महत्त्वाचा ठरला.

फ्रिट्स हाबर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार वायूची संहती व संपर्ककाल यांचा गुणाकार समान असल्यास परिणामही समान होतो. कूपरमन यांच्या मांजरांवरील प्रयोगांत (१९५८) याच धर्तीचा अनुभव आला. दररोजची मात्रा शरीरभाराच्या दर किग्रॅ.स १ मिग्रॅ. असो वा ५० मिग्रॅ., एकूण मात्रा सु. १०० मिग्रॅ. झाली की तोल जाई. एका टोकाला दोन दिवस, तर दुसऱ्या टोकाला सु. तीन महिने लागत. वस्तुतः हे संयुग रक्तातून काही तासांतच नाहीसे होते. साठते ते विष नव्हे, तर इजा : ते प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी बद्ध होते व तंत्रिका तंतूंची टोके निकामी होत जातात. लांब तंतूंना हा उपद्रव अधिक होत असल्याने पाय लवकर बाधित होतात.

मात्र हा गुणाकार सर्वत्र लागू पडत नाही. उंदरांना दोन वर्षे रोज ०·५ मिग्रॅ. दिल्यावर (१९८६) एकूण मात्रा ३५० मिग्रॅ.हून अधिक होऊनही सूक्ष्मदर्शकाखाली तंत्रिकांची हानी दिसली नाही. रोज २ मिग्रॅ. दिलेल्यांत ती दिसली. मात्रा पुरेशी लहान असेल, तर दुरुस्ती हानीच्या बरोबरीने चालते. पुढे लोपाचिन व त्यांचे सहकारी यांनी (२००२) दाखविले की, रोज ५० मिग्रॅ. टोचलेले उंदीर लवकर दुर्बल होतात, तरी त्यांच्या अक्षतंतूंचा ऱ्हास होत नाही. तो पाण्यातून रोज सु. २१ मिग्रॅ. दीर्घकाळ घेणाऱ्यांत होतो. तंत्रिकाग्रांची हानी दोन्ही गटांत असते. अक्षतंतूंचा ऱ्हास हीच मूळ विकृती मानण्यात पूर्वीच्या संशोधकांची चूक झाली, ती बरीचशी एकाच मात्राक्रमावर विसंबल्यामुळे, असे म्हणता येईल.

स्वीडनमधील हालान्ड्सोस बोगद्यात १९९७ मध्ये पाझर बुजविण्याच्या द्रव्यातून ॲक्रिलामाइड ओढ्यात उतरले. गुरे लुळी पडली आणि कामगारांतही लक्षणे दिसली. हीमोग्लोबिनाशी बद्ध झालेले ॲक्रिलामाइड मोजून प्रत्येकाचा गेल्या काही महिन्यांतील एकूण संपर्क अजमावण्यात आला. संपर्क थांबल्यावर बहुतेकांची लक्षणे दीड वर्षात ओसरली.