ओला-सुका

‘पर्यावरण घरापासून सुरू करा’ हा उपदेश ऐकला की मला पुण्याचा इतिहास आठवतो. कचरा निवडण्याचे काम तिथे आधीपासूनच चालू होते. कचराकुंडीत वाकून, उघड्या हातांनी, आमच्या आयाबहिणी ते करीत होत्या. त्याला कोणी पर्यावरण म्हटले नाही! १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. २००८ पासून ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या बाया दारोदार जाऊ लागल्या, तेव्हा घरातल्या दोन डब्यांना अर्थ आला. घरचा डबा व्यर्थ, असे मी म्हणत नाही. त्याने तिचे हात घाणीतून वाचतात. पण वेफर्सच्या चकचकीत पुड्यांना भंगारवाला भाव देत नाही. त्या कारखान्यातून येतातच आहेत. तिथे डबा काय करणार?