सोलापूरची काळी जमीन आणि अवरक्त वर्णपटमापन

सोलापूर येथे १९३३ साली कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र सुरू झाले. पावसाचे पाणी काळ्या जमिनीत किती मुरते व रब्बीच्या ज्वारीला ते कोठवर पुरते, हा या संशोधनाचा मूळ प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळविण्याची रूढ रीत साधी, पण वेळखाऊ होती. मातीचे वजन करावयाचे, ती १०५ अंश सेंटिग्रेडवर सुकवावयाची आणि पुन्हा वजन करून घट पाहावयाची. मातीतील सेंद्रिय कर्ब मोजण्याची वॉकली व ब्लॅक यांची डायक्रोमेट पद्धत १९३४ साली पुढे आली. तराजू, भट्टी व ब्युरेट हीच त्या काळची मृदा-प्रयोगशाळा.

ज्या मार्गाने पुढे हीच मापने क्षणार्धात होऊ लागली, त्याचा उगम मात्र पुष्कळ जुना आहे. विल्यम हर्शेल याने १८०० साली वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापक ठेवून अदृश्य उष्ण किरणांचा शोध लावला. कोब्लेंट्झ याने १९०५ साली अनेक संयुगांचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केले, आणि रेणूंतील विशिष्ट अणुबंध विशिष्ट किरणच शोषतात ही गोष्ट दृढ झाली. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे कार्ल नॉरिस याने धान्यातील ओलावा निकट-अवरक्त किरणांनी मोजण्याचा पाया घातला. कूली व ट्यूकी यांच्या १९६५ च्या गणनपद्धतीमुळे फूरिये वर्णपटमापन व्यवहार्य झाले. पाटणचेरू येथे ज्वारीच्या कडब्याची प्रत ठरविण्यासही निकट-अवरक्त मापनाचा उपयोग झालेला आहे. कडब्यावर जनावरे जगविणाऱ्या सोलापूर जिल्ह्याच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

तथापि काळ्या मातीचा वर्णपट वाचताना एक अडचण उभी राहते. स्मेक्टाइट या चिकणखनिजाचा पट्टा ३६२० प्रति सेंमी. च्या आसपास दिसतो. सेंद्रिय द्रव्यातील कार्बन-हायड्रोजन बंधांचे पट्टे २९२० व २८५० जवळ असतात. परंतु जमिनीत चुनखडी असेल, तर कॅल्साइटचे १४३० व ८७५ येथील ठळक पट्टे तर दिसतातच, शिवाय २९८० व २८७० जवळचे त्याचे दुय्यम पट्टे सेंद्रिय पट्ट्यांवरच येऊन पडतात. कर्ब अल्प आणि चुना विपुल अशा जमिनीत ही सरमिसळ घातक ठरते. चुनाविरहित जमिनींवर बसविलेले समीकरण येथे लावले, तर चुन्याची खूण कर्ब म्हणून गणली जाण्याचा संभव असतो, आणि त्यावर दिलेला खताचा सल्लाही चुकतो.

याचे कारण उघड आहे. यंत्र कर्ब मोजत नाही. ते केवळ किरणांचे शोषण मोजते. शोषणाला टक्केवारीचा अर्थ येतो तो ज्ञात नमुन्यांशी घातलेल्या तुलनेमुळे, आणि ते नमुने ज्ञात होतात भट्टीत व ब्युरेटखाली. म्हणून नव्या साधनाने जुन्या रीतीला निवृत्त केले, हे म्हणणे अर्धसत्य होय. ज्या जमिनीविषयी निर्णय द्यावयाचा, तिच्याच नमुन्यांची जुन्या रीतीने काळजीपूर्वक केलेली मापने हाती असतील, तरच वर्णपट विश्वासार्ह ठरतो. सोलापूरच्या मातीचे समीकरण सोलापूरच्या मातीवरच बसवावे लागते.