कुरवंडे घाटातले यवन

लोणावळ्याहून काही किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी काठावर कुरवंडे हे गाव आहे. गावामागे नागफणीचा कडा उभा आहे. इंग्रज आमदानीत त्याला 'ड्यूक्स नोज' हे दुसरे नाव मिळाले. हा ड्यूक म्हणजे आर्थर वेलस्ली. दुसऱ्या बाजीरावाला गादीवर बसवण्यासाठी १८०३ मध्ये तो पुण्यात आला होता. 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' ही पदवी त्याला १८१४ मध्ये मिळाली. म्हणजे कड्याचे हे बारसे त्यानंतरचे. एकाच खडकात कुणाला नागाचा फणा दिसला, तर कुणाला आपल्या सेनापतीचे नाक. परका माणूस एखाद्या मुलखात शिरतो, तेव्हा तो बरोबर काय घेऊन येतो आणि मागे काय ठेवून जातो, हा प्रश्न याच कड्यापाशी आमच्या मनात आला. पुढे त्याचे बोट धरून आम्ही एका शब्दापर्यंत पोहोचलो. तो शब्द म्हणजे 'यवन'.

कुरवंडे घाटाचे नाव इतिहासात येते ते उंबरखिंडीच्या लढाईमुळे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाहिस्तेखानाचा सरदार कारतलबखान याच वाटेने कोकणात उतरायला निघाला. घाटाखालच्या गर्द रानातल्या चिंचोळ्या खिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला पुढूनही कोंडले आणि मागूनही. पाणी नाही, हालचालीला जागा नाही. अखेर सामानसुमान टाकून, अभय मागून खानाला परतावे लागले. कवीन्द्र परमानंदाच्या संस्कृत 'शिवभारता'त या प्रसंगाचे सविस्तर वर्णन आहे, आणि शत्रूसाठी तिथे जे शब्द वारंवार येतात त्यांत 'यवन' हा एक आहे. वर्गात हा भाग शिकवताना आपण तो शब्द उलगडत नाही. त्याचा अर्थ सर्वांना ठाऊकच आहे, असे आपण धरून चालतो.

पण या 'यवन' सैन्यात कोण कोण होते? कारतलबखान स्वतः उझबेग, म्हणजे मध्य आशियातला. त्याच्याबरोबर मात्र जाधव, कोकाटे, गाढे अशा आडनावांचे सरदार होते, राजपूत होते, आणि 'रायबागन' हा किताब मिळालेली माहूरची सावित्रीबाईही होती. शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला खानाला तिनेच दिला, असे 'शिवभारत' सांगते. काव्यात एक बाजू एका शब्दात मावते. खिंडीत सापडलेल्या माणसांच्या भाषा, देव, जेवणखाण, पोशाख यांना तो शब्द पुरा पडत नाही. परमानंदाचा हा दोष म्हणायचे का? आम्ही तसे म्हणणार नाही. वीरकाव्याला दोन बाजू लागतात. प्रश्न उरतो तो आपल्या वाचनाचा.

आता याच मावळात दीड हजार वर्षांहून अधिक मागे जावे लागेल. बोरघाट, कुरवंडे आणि आसपासच्या घाटवाटा चौल, कल्याण, सोपारा या बंदरांना देशाशी जोडत होत्या. व्यापारी तांडे घाट चढून वर येत. आणि जिथे ते विसावत, त्या टापूत भाजे, बेडसे, कार्ले ही लेणी कोरली गेली. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास घडलेला कार्ल्याचा चैत्य राजाच्या एकट्याच्या खजिन्यातून उभा राहिलेला नाही. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह आपण पुरे केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे अभिमानाने नोंदवतो. दार घडवणाऱ्या सुताराचे नाव आहे, सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या गंधिकाचे आहे, सोपाऱ्याहून आलेल्या भाणकाचेही आहे. आणि या साऱ्यांच्या पंक्तीत, एकेका खांबावर, धेनुकाकट गावचे यवन आहेत.

हा 'यवन' शब्द मूळचा आयोनियाचा. इराणी 'यौन'मधून आपल्याकडे आलेला. पाणिनीला 'यवनानी' हे रूप माहीत आहे, आणि कात्यायनाने त्याचा अर्थ यवनांची लिपी असा लावला आहे. कार्ल्याचे यवन मात्र आपल्या लिपीत लिहीत नाहीत. ते ब्राह्मीत, प्राकृतात, शेजारच्या सुतारासारखेच 'अमक्याचा खांब, दान' एवढेच लिहवून घेतात. त्यांची नावे सिहधय, यसवधन अशी. संस्कृतात सिंहध्वज, यशोवर्धन होतील. ओळख म्हणून 'यवन' हा शब्द तेवढा शिल्लक आहे आणि तो त्यांनी स्वतःच, बिनदिक्कत, कोरवून घेतला आहे. हे ग्रीक रक्ताचे होते, रोमन साम्राज्यातून आले होते, की व्यापाराच्या संबंधामुळे यवन म्हणवले जाणारे इथलेच होते, यावर अभ्यासकांत वाद आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींनी हा सारा परिसर पायी तुडवून धेनुकाकटाचा शोध घेतला. त्यांचे स्थलनिश्चितीचे मत सर्वांनी मानलेले नाही, पण लेणी आणि व्यापारी वाटा एकत्र वाचण्याची दृष्टी आपल्याला मिळाली ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे.

सगळेच यवन असे विरघळले नाहीत. जुन्नरला पाण्याच्या टाक्यांचे दान देणारा यवन आपले 'इरिल' हे परके नाव तसेच ठेवतो. उलट, नाशिकच्या पांडवलेण्यात उत्तरेकडून आलेला एक योनक स्वतःला धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त म्हणवतो. वैदिक देवतांचे नाव घेऊन बौद्ध लेणे कोरवतो! आज असा गृहस्थ भेटला तर त्याची जात, धर्म आणि राष्ट्रीयत्व लिहिताना फॉर्मवरच्या चौकटी अपुऱ्या पडतील.

तेव्हा एकाच डोंगररांगेत, पायी एखाद्या दिवसाच्या अंतरावर, हा शब्द दोनदा भेटतो: एकदा दात्याचे बिरुद म्हणून, एकदा वैऱ्याची खूण म्हणून. मधल्या शतकांत शब्द तोच राहिला, आतली माणसे बदलली. प्राकृत शिलालेख एका विभागात आणि शिवकाव्य दुसऱ्या विभागात शिकवले जाते, त्यामुळे विद्यार्थ्याला या दोन यवनांची गाठ कधी पडत नाही. दुसरा अर्थ पहिल्याला झाकून टाकतो. मराठी कादंबरीकारांनी तर दुसराच उचलला आणि शब्दकोशात जणू पहिला नव्हताच, अशा थाटात वापरला.

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, १८६३ मध्ये रेल्वे आली आणि कुरवंडेची वाट मागे पडली. आता तिथे पदभ्रमण करणारे तेवढे जातात. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. १९४५ मध्ये ब्रिटिश राजवटीतच तिला शिवाजी हे नाव दिले गेले, ही एक गंमतच. मित्रदेशांच्या नौदलांतले तरुणही तिथे शिकायला येतात.

इकडे कार्ल्याला चैत्राच्या यात्रेत कोळी-आगरी मंडळी समुद्राकडून पालख्या घेऊन वर येतात. एकवीरेचे देऊळ चैत्याच्या अगदी तोंडाशी आहे. दर्शनाची रांग सरकत असते, वाद्ये वाजत असतात, नारळ फुटत असतात. शेजारीच, दाराआड थोड्या अंधारात, धेनुकाकटाच्या यवनांचे खांब आहेत.