घरच्या घरी धिंगरी मशरूम : खोलीत तापमान किती, उजेड किती? घाटावर अन् घाटाखाली कोणत्या महिन्यात काय लावायचं

सोयाबीन निघालं की आपल्या जिल्ह्यात दारोदारी कुटाराचे ढीग लागतात. याच कुटारावर धिंगरी मशरूम घरात येतं, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालं आहे. बचत गटाच्या महिला विचारतात, शिकणारी पोरं विचारतात. पण ज्यांच्या बॅगा वाया जातात, त्यांच्यापैकी बहुतेकांचं कुटारही चुकलेलं नसतं अन् बियाणंही खराब नसतं. चुकलेला असतो महिना. फेब्रुवारीअखेर प्रशिक्षण, मार्चमध्ये टिनाच्या खोलीत बॅगा, अन् एप्रिलमध्ये पांढऱ्या बुरशीच्या जागी हिरवी-काळी बुरशी. "बाराही महिने उत्पन्न" हे थंड यंत्रणा बसवलेल्या खोलीपुरतं खरं आहे, टिनाच्या खोलीसाठी नाही. म्हणून बियाणं घेण्याआधी पुढची माहिती वाचून घ्यावी.

आधी जात ओळखा

मशरूम म्हणजे एकच पीक नाही. हॉटेलात मिळतं ते पांढरं गोल बटन मशरूम. त्याला फळ धरताना १४ ते १८ अंश सेल्सिअस लागतं. आपल्याकडे घरगुती पातळीवर ते परवडत नाही, त्याचा नाद सोडावा.

धिंगरी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराचं मशरूम, २० ते ३० अंशांत येतं. यातही प्रकार आहेत. पांढरी फ्लोरिडा हिवाळ्यात चांगली. करड्या रंगाची साजोर-काजू अन् गुलाबी धिंगरी थोडी जास्त उष्णता सोसतात, म्हणून पावसाळ्यात चालतात.

तिसरी दुधी अळिंबी. मूळची पश्चिम बंगालची. कोईमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये तिचा एपीके-२ हा वाण दिला. तिला ३० ते ३५ अंश मानवतात. पण बॅगेवर मातीचा थर द्यावा लागतो, काम जास्त आहे. पहिल्याच वर्षी दुधीला हात घालू नये.

धिंगरीचे दोन टप्पे, दोघांची गरज वेगळी

पहिला टप्पा बुरशी पसरण्याचा. बॅग भरल्यापासून १५ ते २० दिवस. यात खोली २४ ते २८ अंश असावी. उजेडाची गरज नाही, बॅग उघडायची नाही, वारं फार लागू द्यायचं नाही.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. बुरशी वाढताना स्वतःची उष्णता सोडते. बॅगेच्या पोटातलं तापमान खोलीपेक्षा २ ते ४ अंशांनी जास्त असतं. खोलीत ३२ दाखवत असेल तर आत ३५ च्या वर गेलेलं असतं, अन् तिथंच धिंगरी हार मानते. म्हणून बॅगा पोत्यांसारख्या एकावर एक रचू नका. दोन बॅगांत वीतभर अंतर ठेवा.

दुसरा टप्पा फळ धरण्याचा. बॅग पूर्ण पांढरी झाली की प्लॅस्टिक कापायचं. आता खोली २० ते २५ अंश, फार तर ३० पर्यंत, हवेत ओलावा ८० ते ९० टक्के, मोकळी हवा अन् उजेड, हे चारही लागतात. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात, पुढं तीन-चार दिवसांत तोडणी. त्यानंतर आठ-दहा दिवसांच्या अंतरानं आणखी एक-दोन बहार येतात. एक किलो कोरड्या कुटारावर सगळे बहार मिळून साधारण ६०० ग्रॅम ते १ किलो ताजं मशरूम, हा हिशेब धरावा. यापेक्षा फार मोठे आकडे कुणी सांगत असेल तर सावध राहा.

"मशरूम अंधारात होतं" हे अर्धंच खरं

अंधार फक्त पहिल्या टप्प्यात. बटन मशरूमला शेवटपर्यंत उजेड नसला तरी चालतो, त्यावरून हा समज सगळ्यांच मशरूमला लागला. धिंगरीला फळ धरताना उजेड पाहिजेच. तो नसला तर देठ लांबतो, टोपी बारीक राहते, अन् गुलाबी धिंगरी फिकी पडते.

किती उजेड? खोलीत उभं राहून दिवसा वर्तमानपत्र वाचता आलं, म्हणजे पुरेसा. उत्तरेकडची खिडकी सर्वांत चांगली. ऊन मात्र थेट बॅगेवर पडू नये, तासाभरात कोंब सुकतात. खिडकीला ओलं पोतं किंवा हिरवी जाळी लावावी. खिडकी नसेल तर पांढरा एलईडी दिवा ८ ते १० तास पुरतो. जुना पिवळा बल्ब नको, तो उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो. लोडशेडिंगमध्ये दोन-चार तास दिवा गेला तर बिघडत नाही.

लांब देठाचं दुसरं कारण कोंडलेली हवा. मशरूमही श्वास घेतं अन् कार्बन डायऑक्साइड सोडतं. उजेड असूनही देठ लांबत असेल तर सकाळ-संध्याकाळ अर्धा-एक तास खिडकी-दार उघडा.

आपल्या जिल्ह्याचं वेळापत्रक

अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. एकाच दिवशी दोन्हीकडचा पारा वेगळा असतो, म्हणून चिखलीच्या माणसाचं वेळापत्रक नांदुऱ्यात जसंच्या तसं चालत नाही.

जून अखेर ते सप्टेंबर : पाऊस लागला की हवेत ओलावा आपोआप येतो. साजोर-काजू किंवा गुलाबी धिंगरी लावा. घाटाखाली पावसानं दडी मारली की खोली तापते, ती नजर ठेवावी. या दिवसांत माश्या अन् हिरवी बुरशी जास्त. खिडक्यांना बारीक जाळी लावाच.

ऑक्टोबर : ऑक्टोबर हीट. घाटाखाली नवीन बॅगा भरू नका. घाटावर महिन्याच्या शेवटी सुरुवात करता येते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य : सर्वांत चांगला काळ, नवख्यानं इथूनच सुरुवात करावी. फ्लोरिडा लावा. अडचण दोन. घाटावर रात्रीची थंडी वाढली की बुरशी हळू पसरते, २० दिवसांचे २५-३० होतात. अशा वेळी रात्री खिडक्या बंद ठेवून बॅगांवर कोरडी पोती टाका. शेगडी पेटवून खोली गरम करू नका, धूर नुकसान करतो. दुसरं, हवा कोरडी असते, म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा पाणी फवारावं लागतं.

मार्च ते जूनचा पहिला पंधरवडा : धिंगरी बंद. पारा चाळिशीपार असताना टिनाखाली काहीच टिकत नाही. धाब्याच्या जुन्या घरात, ओली पोती अन् कूलर लावून अनुभवी माणूस दुधी घेऊ शकतो. कूलर कोरड्या हवेतच थंडावा देतो, पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही, हेही ध्यानात ठेवा.

मोजायचं कसं

बियाणं घेण्याआधी आठ दिवस खोलीत थर्मामीटर टांगा. बॅगा जिथं राहणार त्या उंचीवर, छताजवळ नको. सकाळी सहा अन् दुपारी तीनला आकडा वहीत लिहा. दुपारचा आकडा रोज ३० च्या आत असेल तरच बियाणं आणा.

ओलाव्यासाठी दोन सारखे थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाला ओली कापडी वात गुंडाळून दुसरं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. खोली २५ अंशांच्या आसपास असताना दोन्हींत २ ते ३ अंशांचा फरक असला तर ओलावा ८० टक्क्यांच्या जवळ आहे. फरक ५ अंश झाला तर ओलावा साठीवर आला, पाणी फवारा. फवारा भिंतीवर, जमिनीवर अन् पोत्यांवर. कोंबांवर पाण्याची धार नको, ते पिवळे पडून सडतात.

आणखी चार गोष्टी

१. कुटार रात्रभर भिजवून ८० अंशांच्या गरम पाण्यात एक तास ठेवा, मग निथळा. मूठ दाबली तर हात ओला व्हावा, थेंब गळू नये.

२. बियाणं, म्हणजे स्पॉन, ओल्या कुटाराच्या वजनाच्या २ टक्के. १० किलोला २०० ग्रॅम. ते उन्हात तापलेल्या गाडीच्या डिक्कीतून आणू नका, सकाळच्या एसटीनं आणा. गुलाबी धिंगरी अन् दुधीचं स्पॉन फ्रिजमध्ये ठेवू नये.

३. झोपायच्या खोलीत बॅगा लावू नका. पिकलेल्या धिंगरीतून बारीक बीजाणू उडतात, त्यानं खोकला अन् दम लागू शकतो. टोपीची कड वर वळायच्या आत तोडा, तोडताना तोंडाला रुमाल बांधा. घरात दम्याचा माणूस असेल तर खोली वेगळीच हवी.

४. बॅगेवर धिंगरीसोबत दुसरी बारीक, काळी पडणारी छत्री उगवली तर ती उपटून फेका. खाऊ नका.

प्रशिक्षण अन् बियाण्याच्या चौकशीसाठी बुलढाणा अन् जळगाव जामोद इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. जाताना वहीतले आठ दिवसांचे आकडे सोबत न्या. "मशरूम कसं करायचं" असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघम मिळतं. "माझ्या खोलीत सकाळी १९, दुपारी २८, कोणती जात लावू?" असं विचारलं की कामाचं उत्तर मिळतं. पहिल्या खेपेला दहाच बॅगा लावा. त्या दहा बॅगांचं मशरूम घरी खाऊन अन् शेजारी विकून संपलं, तरच पुढं पन्नासचा विचार करा.